समुद्र सोडून विहिरीवर

खुलताबादच्या वेशीबाहेरच्या वस्तीत कचरूचं घर कुणालाही विचारा, पोरंसोरं हात धरून नेऊन सोडतात. कचरू मोठा माणूस नव्हे. त्याचा धंदाच असा होता, की त्याच्या दारात गरजवंत आल्यावाचून आठवडा जात नसे. विहिरीत मोटर अडकली, पाइपाच्या तळची झडप गाळात रुतली, बादली-दोर आत पडले, की कचरूला बोलावणं यायचं. छाती भरून श्वास घ्यायचा, सूर मारायचा, आणि तळाच्या काळोखात हाताने चाचपडत वस्तू शोधून वर यायचं. पंचक्रोशीत असा पाणबुड्या दुसरा नव्हता. म्हणूनच कधीकधी पोलिसांची गाडीही त्याच्या दारात येऊन थांबायची. त्या दिवशी कचरू जेवत नसे. घरी येऊन अंगणात उघड्यावर आंघोळ करायचा आणि भिंतीला पाठ लावून गप्प बसून राहायचा. त्याची बायको सत्यभामा काही विचारायची नाही आणि तो काही सांगायचा नाही.

मेघा ही त्यांची एकुलती एक लेक. बाप विहिरीवर निघाला की ही मागे लागायची. पाच-सहा वर्षांची असताना एकदा तो तळाशी गेलेला, ती काठावर बसून पाण्याकडं बघत होती. तो वर यायला जरा वेळ लागला तर हिनं सरळ पाण्यात उडी टाकली. कचरू वर आला तो समोर पोरगी गटांगळ्या खाताना दिसली. तिला काठावर आणून त्यानं आधी एक थोबाडीत दिली आणि मग विचारलं,

"काहून उडी मारली गं?"

"तुम्ही येईनात. मी आणायला निघाले व्हते."

कचरूनं दुसऱ्याच दिवशी तेलाचा रिकामा डबा तिच्या पाठीला बांधला आणि तिला पोहायला शिकवायला घेतलं. त्या उन्हाळ्यातच डबा सुटला. पुढं शाळेतल्या सरांनी तिला शहरात स्पर्धेला नेलं. निळ्या फरशीचा, तळ स्वच्छ दिसणारा पोहण्याचा तलाव तिनं पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला हसू आलं. एवढा उजेड असलेल्या पाण्यात हरायचं कसं, हेच तिला कळेना. ती हरलीही नाही. जिल्हा झाला, विभाग झाला, राज्याला पदक मिळालं. पदवी झाल्यावर तिनं जीवरक्षकाचं प्रशिक्षण घेतलं आणि तळकोकणात, समुद्राला लागून असलेल्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये तिला नोकरी लागली.

समुद्र मेघाला मनापासून आवडला, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढं लोक म्हणाले, की पोरीला तिथलं मानवलं नाही, मासळीच्या वासानं जेवण जाईना म्हणून परत आली. त्यात काही खरं नाही. सकाळी पाहुणे उठायच्या आधी ती लाटांच्या पलीकडं पोहत जायची आणि उताणी होऊन तरंगत राहायची. तिथून किनाऱ्यावरची माडाची झाडं बोटाएवढी दिसायची. विहिरीत चार हात मारले की भिंत लागते. इथं कितीही हात मारा, अडवायला कुणी नाही. लाल टोपी घालून, गळ्यात शिट्टी अडकवून ती वाळूवर उभी राहिली, की पुण्या-मुंबईचे पाहुणेसुद्धा तिचं ऐकायचे. खवळलेल्या पाण्यात शिरलेल्या एका नवऱ्या-बायकोला तिनं एकटीनं बाहेर काढलं, तेव्हापासून तर मॅनेजरसाहेब तिला 'मेघाताई' म्हणायला लागले होते.

दोन वर्षं अशी गेली. मग मॅनेजरसाहेबांनी तिला ऑफिसात बोलावलं. किनाऱ्यावरच्या सगळ्या जीवरक्षकांची प्रमुख म्हणून कायमची नोकरी, आणि राहायला समुद्राकडं तोंड असलेलं दोन खोल्यांचं घर. "आईवडिलांनाही घेऊन या," ते म्हणाले. "जयंतीला गावी जाताच आहात, त्यांना विचारून या."

मेघानं बसमधूनच घरी फोन लावला. ती गावी पोहोचेपर्यंत बातमी वस्तीभर झाली होती. कचरूनं चहाच्या टपरीवर, विहारात, अगदी बसस्टँडवर पानवाल्यालाही सांगून ठेवलं होतं, की आता आमचा मुक्काम समुद्रावर.

"पण बाबा, तुम्ही समुद्र कधी पाहिला तरी का?" तिनं हसत विचारलं.

"नाय पाहिला. पण लई उजेड असतो म्हणतात तिथं," कचरू म्हणाला. "जल्मभर काळ्या पाण्यात उतरलो, बाई. आता उजेडाचं पाणी पाहू दे."

सत्यभामानं मात्र कुणालाच काही सांगितलं नव्हतं. ती भांडी बघत होती, कुठली न्यायची, कुठली बहिणीला द्यायची.

भीमजयंती थाटात झाली. मिरवणुकीत मेघा लेझीम खेळली. दोन दिवसांनी सकाळीच पुंजाराम पाटलाचा माणूस कचरूला बोलवायला आला. पाटलाची विहीर म्हैसमाळच्या रस्त्याला, बांधीव, ऐसपैस, तळापर्यंत दगडी पायऱ्यांची. मोटरीची झडप गाळात बसली होती. कचरू जाडजूड दोर खांद्यावर टाकून निघाला, तशी मेघाही निघाली.

"तू कशाला? आता तू साहेबीण," बाप म्हणाला.

"शेवटचं येते. परत कधी यायचं आपण इथं?"

विहिरीच्या काठावर उभं राहून कचरूनं पाण्याकडं पाहिलं आणि सहज बोलल्यासारखा बोलला, "ही विहीर खणायला माझा बाप व्हता. सुरुंग लावायला तोच. मोटर काढायला मी. आन् पाणी प्यायला..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. सदरा काढून घडी घातली आणि दगडावर ठेवला.

तो पाण्यात उतरणार, तेवढ्यात बांधापलीकडून किंकाळी आली. मग एकदम चार-पाच बायकांचा आक्रोश.

बांधापलीकडं पाटलाचं नवं शेततळं होतं. खोल चौकोनी खड्डा, आतून काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला आणि कडेपासून तळापर्यंत सरळ उतार. ज्यांनी अशा कागदावर पाय ठेवून पाहिला आहे, त्यांना ठाऊक आहे. वर शेवाळ धरलं की कागद साबणासारखा होतो. आत गेलेला माणूस पोहणारा असला तरी वर चढू शकत नाही. पाटलाची नात मोनिका, तिसरी-चौथीतली पोर, पाण्यात गेलेली चप्पल काठीनं ओढायला वाकली आणि घसरली. कांदा काढणाऱ्या बाया धावत आल्या होत्या. कुणी हात पुढं करत होतं, कुणी लुगड्याचा पदर पाण्यात फेकत होतं. मोनिकाची आई तर उडीच टाकायला निघाली होती, तिला दोघींनी धरून ठेवलं होतं. एकीलाही पोहता येत नव्हतं. आणि पोरगी आता दिसतही नव्हती.

"कुणी उतरू नका! कुणी उतरू नका!" मेघा धावतानाच ओरडली. मागोमाग धावत आलेल्या बापाच्या हातातला दोर तिनं ओढून घेतला, एक टोक कमरेला बांधलं आणि दुसरं त्याच्या हातात दिलं. "धरा, बाबा."

कागदावरून ती घसरतच पाण्यात गेली. पाणी उन्हानं कोमट झालेलं, हिरवट, आत डोळे उघडून काही दिसत नव्हतं. तिनं बापासारखंच हातानं चाचपडायला सुरुवात केली. एकदा वर आली, श्वास घेतला, पुन्हा गेली. दुसऱ्या खेपेला हाताला वेणी लागली.

"ओढा!"

कचरूनं ओढलं. त्याच्यामागं कांद्यातल्या बायांनीही दोर धरला. मेघा पोरीला छातीशी धरून कागदावरून फरफटत वर आली. मोनिकाचे ओठ निळे पडले होते. बायकांनी ऊर बडवायला सुरुवात केली. कचरू बाजूला झाला आणि त्यानं तोंड फिरवलं. पुढं काय असतं ते त्याला पाठ होतं.

मेघानं पोरीला सपाट जमिनीवर ठेवलं, मान मागं केली, नाक दाबलं आणि तोंडानं श्वास भरला. पुन्हा भरला. छाती दाबली. आजूबाजूला काय चाललंय याचं तिला भान नव्हतं. वाळूवर शंभरदा घोकलेलं हात आपोआप करत होते. मग एकदम पोरीला उमासा आला, पाणी बाहेर पडलं, खोकला आला, आणि त्या खोकल्यामागून रडणं आलं. मोठ्ठं, तक्रारीचं, आईला हाक मारणारं रडणं.

कचरू वळून बघायला लागला. आजवर त्यानं तळातून जी जी माणसं वर काढली, ती सगळी थंड झालेली होती. तळातून काढल्यावर रडणारं लेकरू त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या डोळ्यांना धार लागली. दोर अजून त्याच्या मुठीतच होता.

मोनिका दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी घरी आली. संध्याकाळी पुंजाराम पाटील चारचौघांना घेऊन वस्तीत आला. पायरीशी थांबून "राम राम, कचरू" म्हणाला. कचरूनं "जय भीम, पाटील, या" म्हणून खुर्ची पुढं केली. पाटलानं आणलेली भारीतली साडी आणि नारळ सत्यभामाच्या हातात दिले आणि मेघाकडं बघून हात जोडले. एवढा सत्तरीचा माणूस, फेटा सावरत म्हणाला, "पोरी, तुझे उपकार कसे फेडू ते सांग."

मेघा खरं तर काही ठरवून बसली नव्हती. पण रात्रभर तिच्या डोळ्यासमोर एकच चित्र होतं: तळ्याच्या काठावर ओळीनं उभ्या असलेल्या, हात पुढं केलेल्या बाया.

"साडी नको, आबा," ती म्हणाली. "विहीर द्या."

पाटलाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय दिऊ?"

"तुमची विहीर. सकाळच्या पारी. मी पोरींना पवायला शिकवते. बायांनापण."

"कोणच्या पोरींना?"

"सगळ्याच. तुमच्या, आमच्या, दर्ग्याकडच्या. ज्या येतील त्या."

पाटलाबरोबर आलेल्यांपैकी एकजण घसा खाकरून म्हणाला, "घरच्या विहिरीवर समदं गाव कसं उतरवायचं? भावकी हाय, देवाचं पाणी तिथनंच जातं."

पुंजारामानं त्याच्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं पाहिलं. "घरी इचारून सांगतो," एवढंच म्हणाला आणि उठला.

तो गेल्यावर कचरू लेकीवर उखडला. "कशाला मागितली? मान द्यायला आला व्हता, घ्यायचा आन् गप बसायचं. त्या विहिरीचं नाव काढायची काय गरज व्हती? नाय तरी आपल्याला जायचंच हाय."

मेघाचं परतीचं तिकीट चार दिवसांनंतरचं होतं.

दुसऱ्या दिवशी निरोप आला नाही. पण तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दारात एक बाई उभी होती. पुंजारामाची बायको, केसरबाई. एका हातात मोनिकाचा हात, दुसऱ्या हातात टॉवेल आणि कोरडे कपडे. या वस्तीत ती पहिल्यांदाच आली होती.

"चल बाई विहिरीवर," ती मेघाला म्हणाली. "आमच्या घरात दोन दिस नुसत्या बैठका चालल्यात. त्यांचं ठरस्तोर ही पोरगी म्हातारी व्हईल. पाणी पाहिलं की थरथरती. हिला आधी शिकव, मग बाकीच्यांचं पाहू."

"आणि आबा?"

"आबा तिथं पायरीवर बसल्यात. मीच बसवून आले."

त्या सकाळी मोनिका पाण्यालगतच्या पायरीच्या खाली उतरली नाही. पाण्यात पाय बुडवून बसली आणि आजीचा पदर सोडायला तयार झाली नाही. मेघाही तिच्या शेजारी पाय बुडवून बसली आणि समुद्राच्या गोष्टी सांगत राहिली. दुसऱ्या सकाळी मोनिका गुडघाभर उतरली. तेव्हा वस्तीतल्या तीन पोरी आणि कांद्यातली एक जण काठावर येऊन उभ्या होत्या. पुंजाराम त्यांच्याकडं बघत होता. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "उभ्या काहून? उतरा की."

कचरूनं ते ऐकलं. तो दोर घेऊन वरच्या कठड्याला टेकला होता. त्याला वाटलं, आपला बाप आता इथं हवा होता.

तिकीट होतं त्या दिवशी मेघा गेली नाही. तिनं रजा वाढवून घेतली, मग पुन्हा वाढवली. शेवटी मॅनेजरसाहेबांचा फोन आला. ते समजूतदार माणूस, रागावले नाहीत, पण म्हणाले, "मेघाताई, अशी संधी पुन्हा मिळायची नाही. समुद्र सोडून विहिरीत काय करणार?"

"इथं माझ्याशिवाय कुणी नाही, सर," ती म्हणाली. "तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले मिळतील."

तिनं फोन ठेवला. माडांची बोटाएवढी झाडं, पाठीखाली उचलणारं आणि अलगद ठेवणारं पाणी, सगळं एकदम आठवलं. ती थोडा वेळ न्हाणीत जाऊन रडली. मग तोंड धुऊन बाहेर आली.

बाहेर कचरू उभाच होता. त्याचा आवाज चढला नव्हता, पण पार खचल्यासारखा झाला होता. "मी तुला उजेडात धाडलं व्हतं. तू परत या भोकात येऊन बसली."

सत्यभामा म्हणाली, "लोक म्हणतील समुद्राला भेली."

"म्हणू दे," मेघा म्हणाली. मग बापाजवळ जाऊन बसली. "बाबा, तुमच्या दारात पोलिसांची गाडी येती ना, ती परत यायला नको म्हणून ऱ्हायले. तुम्हाला पुन्हा कुणाला काढायला लागू नये."

त्या दिवशी कचरू नीट जेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेघा उठली तेव्हा तो आधीच विहिरीवर गेला होता आणि पायऱ्यांवरचं शेवाळ खराट्यानं घासून काढत होता.

पुढचं सगळं सोपं झालं असं नाही. पाटलाच्या भावकीतल्या दोन घरांनी बरेच दिवस बोलणं टाकलं. बायांना पाण्यात उतरायला कपडे काय घालायचे हा प्रश्न आला. लुगडं पाण्यात पायात अडकतं. तो प्रश्न गावातल्या शिवणकाम करणाऱ्या परवीनआपांनी सोडवला. अंगभर, पूर्ण बाह्यांचे, पाण्यात न फुगणारे कपडे त्यांनी शिवले आणि आधी स्वतःच्या दोन्ही मुलींना घालून विहिरीवर आणलं. "पहले मेरी लडकियाँ उतरेंगी," म्हणाल्या, "फिर देखते कौन क्या बोलता." कुणी काही बोललं नाही. पुरुषांना त्या वेळेला रस्त्यावरच अडवायचं काम सत्यभामानं आपल्याकडं घेतलं. ती वाटेवर काठी घेऊन बसायची. एकदा तिनं चुकून आलेल्या तलाठ्यालाही माघारी पाठवलं.

पोटासाठी मेघा आठवड्यातले काही दिवस बसनं शहरात जाऊन एका शाळेच्या तलावावर शिकवते. उरलेले दिवस विहिरीचे. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरली की शिकवणं बंद, पण तेव्हा ती गावोगाव शेततळ्यांवर जाते. मालकाला सांगून चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडायचे, हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवायची, आणि बायांना शिकवायचं: आपण उडी मारायची नाही, दोर टाकायचा. पहिलं तळं पुंजारामाचं होतं. दोर बांधायला कचरू गेला होता आणि पाटील शेजारी बसून गाठी ओढून पाहत होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडं खुलताबादला आलेली करुणा नावाची एक पोर मोनिकाबरोबरच पोहायला शिकली होती. ती मूळची पिशोरची. अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ. सुट्टी संपल्यावर गावी परत गेली. आणि परवाच्या हिवाळ्यात पिशोरहून फोन आला. करुणाची चुलती शेततळ्यात घसरली होती. करुणानं उडी टाकली नाही. तिनं आधी कुंपणाचा दोर सोडला, बैलगाडीच्या जुवाला बांधला, मग दोर धरून उतरली आणि चुलतीच्या काखेतून हात घालून तिला वर धरून ठेवलं, लोक येईपर्यंत.

पिशोरकरांनी करुणा आणि मेघा दोघींचा सत्कार ठेवला. मेघा गेली, कचरू आणि सत्यभामाही गेले. केसरबाई म्हणाली मीपण येते, मग पुंजारामानं स्वतःची जीपच काढली. शाळेच्या पटांगणात मांडव, खुर्च्या, लाऊडस्पीकर. मेघाला मधल्या खुर्चीवर बसवलं, तिनं ती करुणाला दिली आणि आपण बाजूला बसली. आयुष्यात इतकं समाधान तिला पदक गळ्यात पडतानाही वाटलं नव्हतं. समोर, बायांच्या गर्दीत, करुणाची चुलती बसली होती. धडधाकट, पान खात, मांडीवर नातू घेऊन. कचरू भाषणांकडं लक्ष न देता त्या बाईकडंच बघत होता.

सरपंचांचं भाषण लांबलं. मग मुख्याध्यापक उठले. करुणा खुर्चीत चुळबुळ करायला लागली.

"ताई, ह्यांचं कवा व्हईल?" ती कुजबुजली.

"का गं?"

"पोरी थांबल्यात ना. तिथं, मळ्यातल्या विहिरीवर. मी त्यांना सांगितलंय तुम्ही येणार म्हून. बारा-पंधरा जणी हायेत. एकीलाबी पवता येत नाय."

मेघानं मांडवाच्या टोकाला पाहिलं. खरंच, खांबाआड पोरींचा घोळका उभा होता, हातात कोरडे कपडे, आणि त्या सगळ्या हिच्याकडंच बघत होत्या. तिनं गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला, मुख्याध्यापकांना हात जोडले, आणि पदर कमरेला खोचून करुणाच्या मागोमाग मांडवाबाहेर पडली.